मदत हवी आहे: रात्री भिंतीवरचा स्विच बंद केला की सकाळी पीसी चालू होत नाही. मदरबोर्ड की एसएमपीएस?

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि एसएसडी नवीन. ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) जुन्या पीसीतून काढून लावला. एसएमपीएस आठ वर्षं वापरलेला आहे. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. गेले पाच दिवस मात्र रोज सकाळी तीच रड.

बटण दाबलं की पंखे जेमतेम अर्धं वळण घेतात, 'टिक' असा आवाज येतो आणि सगळं बंद. दोन-तीन सेकंदांनी तो आपोआप पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा असं झालं की एकदाचा चालू होतो. त्यानंतर दिवसभर काहीच तक्रार नाही. काल चार तास व्हिडिओ रेंडर केला, कुठे अडकला नाही. दुपारी बंद करून पुन्हा लावला तरी पहिल्या दाबाला सुरू.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करतो. परवा विसरलो. पीसी शटडाऊन होता, पण स्विच रात्रभर चालू राहिला, आणि सकाळी पीसी पहिल्याच दाबाला उठला. काल मुद्दाम स्विच बंद ठेवला, तर आज पुन्हा अकरा प्रयत्न.

करून पाहिलेलं: २४ पिनचा आणि प्रोसेसरचा ८ पिनचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवले. कॅबिनेटमध्ये एखादा स्टँडऑफ (मदरबोर्ड ज्यावर बसवतात तो छोटा धातूचा खुंट) चुकीच्या जागी राहून शॉर्ट होत असेल म्हणून मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला, फरक नाही. ग्राफिक्स कार्ड काढलं, एकच रॅम ठेवली, आलटून पालटून दोन्ही पाहिल्या. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने थेट जोडून पाहिल्या, म्हणजे बटणाचा दोष नाही. मदरबोर्डवरचा बटन सेल ३.१ व्होल्ट दाखवतोय.

एसएमपीएस सुटा करून हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडली (तसं केलं की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो), तर त्याचा पंखा फिरतो. त्यावरून मित्र म्हणतो की एसएमपीएस ठणठणीत आहे, मदरबोर्डच गेलाय. मदरबोर्ड बदलून घ्यायला सहाच दिवस उरलेत. तो परत पाठवला आणि दोष एसएमपीएसचा निघाला तर कामाचे दिवस फुकट जातील. एसएमपीएसच्या मागे लागलो आणि दोष मदरबोर्डचा निघाला तर मुदत हातची जाईल. नक्की कसं ठरवू?

प्रतिसाद १
प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना वाकल्यात का बघा. माझ्याकडे तसंच झालं होतं.

प्रतिसाद २
सॉकेटला इतक्यात हात लावू नका. पिन वाकलेली असती तर दुपारीही त्रास झाला असता, आणि उघडताना एखादी वाकवून बसलात तर बोर्ड बदलून मिळणं अवघड होईल.

तुमची स्विचची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची आहे. पीसी बंद असतानाही, भिंतीवरचा स्विच चालू असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग काम करत असतो. जांभळ्या वायरवर तो ५ व्होल्ट देत राहतो. बटण दाबल्याचं मदरबोर्डला कळतं ते याच विजेवर. त्या भागातल्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या घटकाचा) आतला रोध वयानुसार वाढतो आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो. रात्रभर वीज मिळाली की तो भाग कोमट राहतो आणि निभावून नेतो. वीज तोडली की सकाळी दर प्रयत्नागणिक थोडा थोडा तापतो, आणि अकराव्या वेळी जमतं.

क्लिपच्या चाचणीवर विसंबू नका. तिथे भार फक्त एका पंख्याचा. एसएमपीएसने 'सगळं ठीक' हा इशारा करड्या वायरवर दिल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला काम सुरू करू देत नाही, आणि क्लिपने ते काहीच कळत नाही.

उद्या सकाळी मल्टीमीटरचं काळं टोक काळ्या वायरवर आणि लाल टोक २४ पिन कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरपाशी लावा. बटण दाबण्याआधी किती आणि दाबताना किती, दोन्ही लिहा. ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवं. टोक घसरून शेजारच्या पिनला लागू देऊ नका. आणि परवा, रात्रभर बंद ठेवल्यावर, फक्त स्विच चालू करून तासभर बटणाला हातच लावू नका. मग दाबा.

मूळ धागाकर्ता
मनापासून आभार. मापं घेतली. आज सकाळी दाबण्याआधी ४.८१ आणि दाबताना ४.३ पर्यंत खाली. बोर्डवरचा छोटा दिवाही त्या क्षणी मंद होतो, इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. दुपारी मोजलं तर ५.०४, दाबलं तरी ५.०१. एसएमपीएस उघडून कपॅसिटर फुगलाय का पाहू का?

प्रतिसाद २
नको. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो. दुसरा एसएमपीएस दोन सकाळींपुरता कुणाकडून आणा. मापं एसएमपीएसकडेच बोट दाखवतात, पण बोर्डच जास्त वीज ओढत असेल तरी व्होल्टेज पडेल. ती शंका अदलाबदलीनेच फिटते. केबल मॉड्युलर (एसएमपीएसपासून काढता येणाऱ्या) असतील तर जुन्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, एसएसडीपासून बोर्डापर्यंत काहीही जळू शकतं.

मूळ धागाकर्ता
तासभर थांबायची चाचणी केली: दुसऱ्या प्रयत्नात चालू. मग सहकाऱ्याचा ६५० वॅटचा एसएमपीएस त्याच्याच केबलसकट लावला. दोन्ही रात्री स्विच बंद ठेवला, दोन्ही सकाळी पहिल्या दाबाला चालू. जांभळ्या वायरवर थंड असताना ५.०६, दाबताना ५.०३. मुदतीचे दोन दिवस अजून हातात आहेत, पण मदरबोर्ड परत पाठवत नाही. नवीन एसएमपीएस मागवलाय. जुना कुणाला देणार नाही, थेट ई-कचऱ्यात.