फरशीचा अंदाज काढण्याआधी नाणं वाजवून बघा

बेडरूमच्या चार टाइल्स फुगून वर आल्या आणि गवंडी सगळी खोलीच उखडायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला हो म्हणायच्या आधी एक नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर, विशेषतः कोपऱ्यांवर, वाजवत जा. खाली सिमेंटचा माल नीट बसला असेल तर आवाज भरीव येतो, नाहीतर पोकळ. पोकळ टाइल्सवर खडूने फुली मारा. फुल्या एका कोपऱ्यातच असल्या तर तेवढंच काम पुरतं, पण खोलीभर निघाल्या तर गवंडी बरोबर बोलतोय.

आता हिशेब. खोली १० बाय १२ धरली तर १२० चौरस फूट. चार इंची स्कर्टिंगचे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या टाइलच्या पट्टीचे, साधारण १४ वेगळे, ते लोक हमखास विसरतात. कापाकापीला दहा टक्के जोडा, म्हणजे १४७ च्या आसपास. दोन बाय दोनच्या (खरं माप ६० सेंमी, दोन फुटांहून जरा कमी) चार टाइल्सच्या बॉक्समध्ये साडेपंधरा चौरस फूट बसतात, म्हणजे दहा बॉक्स.

मजुरीचा आकडा एकरकमी कधीच घेऊ नका, कृपा करून! तोडणं, राडारोडा गोण्यांत भरून खाली नेऊन टाकणं, बसवणं, ग्राउट म्हणजे फटी भरणं, सगळ्याचे दर वेगवेगळे लिहून घ्या. लिफ्टमधून गोण्या नेऊ देतात का, हे सोसायटीत आधी विचारा. जिन्याने न्यायच्या असतील तर मजुरी बरीच वाढते.

जुन्यावरच नवी बसवायची असेल तर दारं खालून तासावी लागतील, सुताराचे पैसे धरा. पोकळ फरशीवर मात्र हे करूच नका.