पबमेडवर आपल्याकडचे सिकल सेलचे पेपर कसे शोधायचे?

रानवाटा: मी एमएस्सी नर्सिंगला आहे, विषय नंदुरबारच्या आदिवासी गरोदर बायकांमधला सिकल सेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) अख्खं वाक्य टाकलं तर जवळपास काहीच येत नाही आणि नुसतं सिकल सेल टाकलं की अमेरिका-आफ्रिकेचे हजारो पेपर, त्यातून आपले कसे निवडायचे? रिव्ह्यू लवकरच मॅडमना दाखवायचाय, प्लीज सांगा कोणीतरी.

ग्रंथपाल_विदर्भ: वाक्य टाकूच नका. विषयाचे तीन तुकडे करा, आजार, गरोदरपण आणि जागा. प्रत्येक तुकड्याचे सगळे पर्यायी शब्द एका कंसात ऑर घालून लिहा आणि मग तिन्ही कंस अँडने जोडा, अँड-ऑर इंग्रजी कॅपिटलमध्येच (AND, OR) टाइप करायचं. आजारासाठी मेशमधलं, म्हणजे पबमेडच्या ठरलेल्या विषय-शब्दांच्या यादीतलं हेडिंग घ्या, तिथे ते उलटं आहे, आधी ॲनिमिया मग सिकल सेल. पण फक्त मेशवर विसंबू नका, सगळ्या पेपरना मेश लागलेलं नसतं, म्हणून टायटल-ॲब्स्ट्रॅक्टमधले शब्दही सोबत हवेतच. आणि शब्द वगळणारं नॉट (NOT) शक्यतो टाळा, अमेरिका वगळायला गेलात तर भारत-अमेरिका तुलना करणारा चांगला पेपरही जाईल.

सातपुडा_०७: ताई, खरी गोम जागेच्या कंसात आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचं काम धुळे नावाने शोधावं लागेल. कोणी नुसतं महाराष्ट्र लिहितं, कोणी ट्रायबल, कोणी फक्त भिल्ल किंवा पावरा, त्यात पावराचं इंग्रजी स्पेलिंग कोणी डब्ल्यूने करतं कोणी व्हीने. हे सगळं कंसात घाला. एक नेमका पेपर हाती लागला की त्याच्या पानावरचं सिमिलर आर्टिकल्स आणि साइटेड बाय बघा, शेवटची संदर्भयादी पण वाचा, मला तर निम्मं साहित्य असंच मिळालं. पीएचडीचे प्रबंध पबमेडवर नसतात, त्यासाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा.

रानवाटा: धुळे आणि भिल्ल घातल्यावर लगेच कामाचे पेपर दिसायला लागले, खूप खूप आभार दोघांचे! पण काहींचा नुसता ॲब्स्ट्रॅक्ट उघडतोय, पैसे मागतायत.

ग्रंथपाल_विदर्भ: आधी पानावर पीएमसीची (पबमेड सेंट्रल) लिंक आहे का बघा, तिथे पूर्ण पेपर फुकट असतो. कॉलेज सरकारी असेल तर २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना सुरू झालीय, लायब्ररीत लॉगिन विचारा. तेही नाही जमलं तर लेखकांना सरळ मेल करा, बरेच जण पीडीएफ पाठवतात.