आरेतल्या पाड्यांवर रेंज नाही. टीबीच्या नोंदी क्यूआर कार्डावर ठेवाव्यात का?

प्रश्न: शिबिरात नेट येतं-जातं. कार्ड हरवलं तर माहिती फुटेल का?

उत्तर १: साधा मजकूर भरलात तर कुठलाही मोबाइल वाचेल. एनक्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात भरा. क्यूआरमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात, त्यामुळे औषधं, अ‍ॅलर्जी, शेवटची तपासणी, बस्स. एक्स-रे विसरा. किल्ली म्हणून चार आकडी पिनवर विसंबू नका: १०,००० शक्यता, कार्डाचा फोटो मिळाला की लॅपटॉप भराभर तपासून मोकळा.

उत्तर २: पिनऐवजी लांब किल्ली शिबिरातल्या टॅबमध्ये ठेवा, आणि टॅबला प्रत्येक आरोग्यसेविकेचा स्वतंत्र पासवर्ड. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवला की संपलं. नेट आल्यावर सिंक (नोंदी टॅबवरून सर्व्हरवर जाणं) नीट झाल्याची खात्री करूनच टॅबवरच्या नोंदी पुसा.

उत्तर ३: कार्डावर ‘टीबी’ छापू नका हो! क्यूआर फोडायला कोण बसलंय, शेजारी आधी ठळक अक्षरं वाचतात.