वाकलेला टाय रॉड: जुन्या चेरोकीसाठी स्टिअरिंगची कोणती जोडणी घ्यावी?

खडकवाट, डेन्व्हर

नमस्कार. माझ्याकडे १९९८ ची जीप चेरोकी आहे, म्हणजे एक्सजे या नावाने ओळखली जाणारी चौकोनी गाडी. इंजिन ४.० लिटरचे, पुढचा अ‍ॅक्सल डाना ३०, स्टिअरिंग डावीकडे. आधीच्या मालकाने तिची उंची चार इंचांनी वाढवली होती. मी तिला ३१ इंची टायर लावले असून पुढील वर्षी ३३ इंचांवर जाण्याचा विचार आहे. गेल्या महिन्यात युटामधील मोआबजवळ खडकाच्या एका पायरीवरून उतरताना टाय रॉड, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांची दिशा जुळवून ठेवणारा दांडा, दगडावर टेकला, मधोमध वाकला आणि पुढची दोन्ही चाके एकमेकांकडे तोंड करून उभी राहिली. सोबत्याच्या जॅकने आणि साखळीने रॉड कसाबसा सरळ करून आम्ही गावापर्यंत पोहोचलो.

तो बदलायचा आहेच, तर पूर्ण जोडणीच सुधारून घ्यावी असे वाटते. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: ग्रँड चेरोकीच्या व्ही-८ इंजिनवाल्या जुन्या गाडीचा भरीव टाय रॉड बसवणे, सव्वा इंच व्यासाच्या भरीव पोलादी दांड्यांचा तयार संच घेणे, किंवा एका नकलपासून (चाक ज्यावर बसते आणि ज्यासह वळते तो भाग) दुसऱ्या नकलपर्यंत सलग टाय रॉड टाकून क्रॉसओव्हर पद्धतीची जोडणी करणे. गाडी रोज महामार्गावर चालते आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरही जाते. आणखी एक तक्रार अशी की, रस्त्यावरच्या खोलगट भागातून जाताना मी स्टिअरिंग धरून ठेवले तरी गाडी किंचित एका बाजूला ओढते. नवी जोडणी बसवल्यास हा दोषही जाईल का?

पाना_सतरा, फिनिक्स

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. रॉड वाकणे हा ताकदीचा प्रश्न आहे, तर खोलगट भागात गाडी ओढणे हा भूमितीचा आहे. पहिल्याचे उत्तर विकत मिळते. दुसऱ्यासाठी गाडीखाली झोपून मोजमाप करावे लागते. म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

एक्सजेची मूळ जोडणी उलट्या वाय अक्षरासारखी असते. पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सच्या फिरत्या हातापासून) निघालेली लांब ड्रॅग लिंक, म्हणजे चाक ढकलणारा दांडा, उजव्या चाकाच्या नकलपर्यंत जाते आणि डाव्या नकलपासून आलेला टाय रॉड त्या ड्रॅग लिंकलाच, तिच्या उजव्या टोकाजवळ, जोडलेला असतो. गाडी उंच केली की ड्रॅग लिंक अधिक तिरपी होते, तिच्याबरोबर टाय रॉडचा सांधाही वर उचलला जातो आणि दोन नकलांमधील आडवे अंतर थोडे कमी होते. ही सगळी जोडणी अ‍ॅक्सलच्या पुढे असल्यामुळे अंतर कमी झाले की चाके आत वळतात. आपला रॉड वाकल्यावर झाले ते हेच, फक्त मोठ्या प्रमाणात. स्प्रिंग दबताना आणि सुटताना हा कोन सतत बदलत असल्यामुळे टो, म्हणजे पुढची चाके किती आत वा बाहेर वळलेली आहेत ते माप, देखील बदलत राहतो. कारखान्यातून आलेल्या उंचीला हा बदल जाणवत नाही. चार इंचांनंतर जाणवू लागतो.

गाडी एका बाजूला ओढण्यामागे मात्र बहुधा ट्रॅक बार असतो. अ‍ॅक्सलला आडव्या दिशेने धरून ठेवणारा हा दांडा आणि ड्रॅग लिंक समोरून पाहिल्यास समांतर दिसले पाहिजेत आणि त्यांची लांबीही शक्य तितकी सारखी हवी. तसे असल्यास गाडी खालीवर होताना दोघेही सारख्याच कमानीत फिरतात. एक जरी अधिक तिरपा झाला तरी त्या दोन कमानींमधला फरक चाकांना मिळतो, आणि बंप स्टिअर म्हणतात ते हेच. आधीच्या मालकाने खाली वाकवलेला पिटमन आर्म बसवून ट्रॅक बारचे चॅसिसकडील टोक जागच्या जागीच ठेवले असेल, तर दोष तेथे आहे आणि कितीही जाड रॉड बसवला तरी तो जाणार नाही. पिटमन आर्म मूळचा आहे की वाकवलेला, हे आधी पाहावे.

आता ताकदीकडे. कारखान्याचा टाय रॉड पोकळ नळीचा असतो. १९९३ ते १९९८ या काळातील ग्रँड चेरोकीच्या व्ही-८ गाडीचा रॉड भरीव असून त्याच गाडीची स्लीव्ह (लांबी जुळवणारी आट्यांची नळी) आणि टोक घेतल्यास तो आपल्या गाडीला काही न कापता, न वेल्ड करता बसतो. ३१ इंची टायर कायम राहणार असतील तर मी दुसरे काही सुचवलेच नसते. पण यातही वायची रचना तशीच राहते, हे ध्यानात घ्यावे.

३३ इंची टायर आणि मोआबचे खडक असा आपला बेत असेल, तर मी क्रॉसओव्हरच्या बाजूने मत देईन. सलग टाय रॉडमुळे दोन चाकांमधील अंतर स्प्रिंगच्या हालचालीपासून मुक्त होते आणि टो एकदा लावला की टिकतो. मात्र दोन गोष्टी विकणारे फारशा सांगत नाहीत. पहिली अशी की, ड्रॅग लिंक टाय रॉडच्या अंगावर जोडली असेल तर स्टिअरिंग फिरवताच टाय रॉड आधी स्वतःभोवती थोडा गडगडतो आणि नंतर चाक ढकलतो, त्यामुळे मधोमध एक मेलेली जागा जाणवते. म्हणून शक्य असेल तर ड्रॅग लिंक थेट उजव्या नकलला जोडणारी रचना निवडावी. दुसरी अशी की, अशा संचांत बहुधा शेवरोलेच्या एक टनी ट्रकची मोठी टोके वापरतात आणि त्यांच्यासाठी नकलची निमुळती भोके रीमरने मोठी करावी लागतात. हे काम एकदा केले की मूळची टोके पुन्हा बसत नाहीत.

काही जण याच वेळी भोकाचा निमुळतेपणा उलटा करून रॉड नकलच्या वरून बसवतात. त्यामुळे तो दगडांपासून उंच जातो आणि ड्रॅग लिंकचा कोनही सौम्य होतो. परंतु मग ट्रॅक बारचे अ‍ॅक्सलकडील टोकही तितकेच वर घ्यावे लागते. नाहीतर जो दोष घालवायचा तोच आपण नव्याने निर्माण करतो. शिवाय स्प्रिंग पूर्ण दबल्यावर रॉड ट्रॅक बारच्या ब्रॅकेटवर आपटत नाही ना, हे स्प्रिंग काढून आणि अ‍ॅक्सल जॅकने वर उचलून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तपासावे. हे मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणतीही गाडी रस्त्यावर सोडत नाही.

तिरपा_रस्ता, कॅल्गरी

वरच्या उत्तराशी सहमत आहे. फक्त टोकांबद्दल एक गोष्ट जोडतो. काही संचांत टाय रॉड एंडऐवजी हाइम जॉइंट (कड्यात फिरणाऱ्या धातूच्या गोळ्याचा सांधा) देतात. ते दिसायला दणकट असतात आणि त्यांना वळण्याची मुभाही अधिक असते. परंतु त्यांना रबरी बूट नसल्याने वाळू आणि मीठ थेट सांध्यात शिरते. आपल्याकडच्या हिवाळ्यात रोज चालणाऱ्या गाडीसाठी बूट आणि ग्रीस निपल असलेले टोकच घ्यावे. हाइमसाठी नकलमध्ये सरळ भोक पाडले जाते, आणि निमुळत्या खुंटीची घट्ट बसलेली पकड त्यात कायमची जाते.

दुसरे असे की, एक्सजेला स्वतंत्र चॅसिस नसते. स्टिअरिंग बॉक्स जेथे बोल्टने बसतो तेथील पत्रा मोठ्या टायरांच्या ओढीने तडकतो आणि बॉक्सखालचा अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव स्पेसरही फुटतो. दांडे जाड केले की दगडाचा धक्का दांड्यात न जिरता याच जागी पोहोचतो. त्यामुळे पोलादी स्पेसर आणि बॉक्सला आधार देणारी पट्टी याच खर्चात धरावी.

बेलक्रँक, नाशिक

माझी गाडी आपल्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे, महिंद्राची सीजे-३बी. तिच्यात स्टिअरिंग बॉक्सकडून आलेली लिंक आधी अ‍ॅक्सलवरच्या बेल क्रँकला (हालचालीची दिशा बदलणाऱ्या तरफेला) फिरवते आणि तेथून दोन वेगळे टाय रॉड दोन चाकांकडे जातात. स्टिअरिंगमध्ये फार ढिलाई होती म्हणून मी एकामागून एक टाय रॉडची चारही टोके बदलली, पण फरक पडला नाही. शेवटी बेल क्रँकची पिन आणि तिचे बुश झिजलेले निघाले. पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. पण दोष समजून न घेताच मी भाग बदलत गेलो, हे अजून मनाला लागते.

म्हणून विनंती अशी की, काहीही मागवण्यापूर्वी गाडी चाकांवर उभी ठेवून एखाद्याला स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे झटपट हलवायला सांगावे, आणि आपण खाली प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. डोळ्यांना न दिसणारा प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, बोटांना कळतो. ट्रॅक बारची दोन्ही टोके सर्वांत आधी तपासावीत.

खडकवाट, डेन्व्हर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी पत्नीला स्टिअरिंगवर बसवून ही तपासणी केली. पिटमन आर्म खाली वाकवलेला आहे आणि ट्रॅक बारचे चॅसिसकडील टोक मूळच्या जागीच आहे. समोरून छायाचित्र काढून दोन्ही दांड्यांवर रेषा ओढल्या तेव्हा ट्रॅक बार ड्रॅग लिंकपेक्षा स्पष्टपणे अधिक तिरपा दिसला. अ‍ॅक्सलकडील बोल्टचे भोकही लांबट झालेले असून बोल्ट त्यात हलतो. म्हणजे माझ्या दोषाचे मूळ टाय रॉडमध्ये नव्हतेच.

आता असे ठरवले आहे: भोक दुरुस्त करून लांबी कमी-जास्त करता येणारा ट्रॅक बार आणि त्याचे चॅसिसकडील टोक खाली आणणारे ब्रॅकेट आधी बसवणार, सध्या व्ही-८ चा भरीव रॉड टाकणार, आणि ३३ इंची टायर घेईन त्याच वेळी स्टिअरिंग बॉक्सच्या आधारपट्टीसह क्रॉसओव्हर करणार. अलाइनमेंट घरी करता येईल का?

पाना_सतरा, फिनिक्स

क्रम योग्य आहे. टो घरी लावता येतो. दोन्ही टायरांच्या मधोमध खडूने खूण करून अ‍ॅक्सलच्या उंचीवर पुढचे आणि मागचे अंतर मोजावे. पुढचे अंतर एक सोळांश ते एक अष्टमांश इंचाने कमी असावे. आधी टाय रॉडच्या स्लीव्हने टो लावावा, मग ड्रॅग लिंकच्या स्लीव्हने स्टिअरिंग मधोमध आणावे आणि टो पुन्हा मोजावा, कारण वायच्या रचनेत एकाला हात लावला की दुसराही थोडा सरकतो. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी आवळून जुळवावा, सैल करून कधीही नाही. आणि जॅकने सरळ केलेला तो जुना रॉड टाकून देऊ नये. गाडीत मागे बांधून ठेवावा. मोआबमध्ये पुन्हा तशीच वेळ आली तर गावापर्यंत यायला तो पुरेल.