मदत हवी आहे: चालू फिल्टर प्लांटवरचा जुना एस५ पीएलसी, शहराचं पाणी न तोडता कसा बदलायचा?

नमस्कार मंडळी,

ऑटोमेशन, पाणीपुरवठा किंवा वीज क्षेत्रात काम केलेल्या जाणकारांचा सल्ला हवाय. पोस्ट लांबली आहे, पण पूर्ण चित्र दिल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

आमचं नगरपरिषदेचं छोटं शहर. नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून रॉ वॉटर शुद्धीकरण केंद्रात, मग क्लॅरिफ्लॉक्युलेटर (गाळ खाली बसवणारी टाकी), आठ रॅपिड सँड फिल्टर, क्लोरीन, शुद्ध पाण्याचा संप (जमिनीतली टाकी) आणि तिथून उंच टाक्या. मी विद्युत आणि यांत्रिकी बाजू बघते. फिल्टर हाऊसचं सगळं ऑटोमेशन सिमॅटिक एस५-११५यू या पीएलसीवर (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) चालतं, नव्वदच्या दशकात बसवलेला. सीमेन्सची ही एस५ मालिका १९७९ ची, तिच्या जागी एस७ आली, आणि आता त्या एस७-३०० लाही कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून फेज-आउटमध्ये (हळूहळू बंद करायच्या यादीत) टाकलंय. म्हणजे आमच्या पीएलसीला ज्याने म्हातारं केलं तोही निवृत्त झाला.

पीएलसी अजून व्यवस्थित चालतोय, हे मुद्दाम सांगते, कारण बिघडलेली वस्तू बदलायला मंजुरी लगेच मिळते, चालू वस्तू बदलायची म्हटलं की "कशाला हात लावता" हा पहिला प्रश्न येतो. पण आउटपुट कार्ड गेलं तर जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून आणावं लागतं, त्याची गॅरंटी कोण देणार? प्रोग्रामला हात लावायचा तर २० मिलिअँपच्या करंट लूपची केबल आणि स्टेप-५ (एस५ चं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) चालेल असा जुना लॅपटॉप लागतो. स्काडाचा (प्लांट स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्रणेचा) पीसी विंडोज एक्सपीवर आहे, त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला. ज्या फर्मने पॅनल बनवलं ती केव्हाच बंद पडली. प्रोग्राम आम्ही काढून घेतलाय, पण कॉमेंट (टिपा) आणि सिम्बॉल (इनपुट-आउटपुटची नावं) पीएलसीत साठवले जातच नाहीत, त्यामुळे हातात आलंय ते नुसतं इनपुट-आउटपुटच्या नंबरांचं जंगल.

त्या जंगलातली एक ओळ सांगते म्हणजे माझी भीती कळेल. बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याच्या) ब्लॉकमध्ये ब्लोअर (वाळूतून हवा सोडणारं यंत्र) बंद झाल्यावर आणि वॉश वॉटरचा व्हॉल्व्ह उघडायच्या आधी एक टायमर आहे, केटी ०५०.२, म्हणजे ५० सेकंद. मूळ ड्रॉइंगमध्ये तो नाहीच! व्हेंडरच्या इंजिनियरने बघितलं आणि म्हणाला हा फालतू आहे, काढून टाकू, बॅकवॉश लवकर होईल. मी शिफ्टवरच्या जुन्या ऑपरेटर काकांना विचारलं, तर ते म्हणाले की आधी हा वेळ नव्हता, हवा पूर्ण बसायच्या आत पाण्याचा जोर यायचा आणि वाळू उसळून गटरमध्ये वाहून जायची, वर्षाला वाळू भरावी लागायची, म्हणून कुणीतरी येऊन ते थांबणं घातलं, तेव्हापासून वाळू टिकते. हे कुठेही लिहिलेलं नाही. असे अजून किती टायमर आणि इंटरलॉक (एक अट पूर्ण झाल्याशिवाय पुढचं चालू न देणारी बंधनं) आत बसलेत ज्यांचं कारण सांगणारं कुणी उरलेलं नाही, हाच विचार डोक्यातून जात नाही.

दुसरी अडचण वेळेची. टाक्या भरलेल्या असतील तर सहा-सात तास ढकलता येतात. त्यापुढे लाइन रिकामी होते, आणि रिकाम्या लाइनमध्ये गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते, मग टोकाच्या वस्त्यांना पहिले काही तास गढूळ पाणी. तिथेच सरकारी दवाखाना आहे. त्यामुळे दोन दिवसांचा शटडाऊन घेऊन सगळं एका दमात बदलू असं जे कोटेशनवाले म्हणतात ते मला पटत नाही. एकाने सांगितलं कन्व्हर्टर आहे, जुना प्रोग्राम टाकला की एस७ चा होऊन बाहेर येतो.

तर विचारायचं हे की कन्व्हर्टरवर कितपत विसंबायचं, चालू प्लांटवर टप्प्याटप्प्याने बदल कुणी केलाय का, आणि नवीन चाललं नाही तर रात्रीत जुन्यावर परत कसं यायचं. जे केलंय ते सविस्तर सांगा प्लीज.

प्रतिसाद: रिलेवाला

ताई, सगळ्यात आधी बॅटरी! ११५यू मध्ये प्रोग्राम रॅममध्ये असेल आणि बॅटरी उतरलेली असताना लाइट गेली तर प्रोग्राम गेला. बॅटरी बदलायची ती पॉवर चालू ठेवूनच, हे शिफ्टवाल्यांना पॅनलच्या दारावर मराठीत लिहून चिकटवा. प्रोग्रामच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि ईप्रॉम मॉड्यूल (लाइट गेली तरी प्रोग्राम टिकवणारी चिप) असेल तर त्यातलं आणि चालू प्रोग्रामचं कंपेअर करून घ्या, बऱ्याचदा फरक निघतो.

कन्व्हर्टर स्टेप-७ मध्ये (एस७ च्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे, चालतो, पण तो भाषा बदलतो, अर्थ नाही. अ‍ॅनालॉगमध्ये हमखास फसायला होतं. एस५ च्या अ‍ॅनालॉग शब्दात शेवटचे तीन बिट स्टेटसचे असतात आणि ४-२० मिलिअँपला साधारण ५१२ ते २५६० असे आकडे येतात, एस७ मध्ये तेच ० ते २७६४८. एखादं स्केलिंग (या आकड्यांवरून खरं मूल्य काढणं) सुटलं की टर्बिडिटी (गढूळपणा) किंवा क्लोरीनचं रीडिंग चुकीचं, आणि स्क्रीनवर आकडा दिसतोय म्हणून कुणाला संशयही येत नाही. शिवाय लाइट परत आल्यावर काय होतं ते ओबी२२ या ब्लॉकमध्ये असतं आणि हाताने रीस्टार्ट केल्यावरचं ओबी२१ मध्ये, एस७ मध्ये ही विभागणी वेगळी आहे. तुमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा ट्रिपिंग होत असणार, तेव्हा हे नीट लिहून घ्या.

मी असतो तर जुन्या प्रोग्रामचा उपयोग फक्त पडताळणीला केला असता. नवीन लॉजिक काकांशेजारी बसून, प्लांट बघून, कागदावर मराठीत लिहायचं, काय झालं की काय व्हायला पाहिजे आणि का. मग त्यावरून कोड. तुमचा ५० सेकंदवाला टायमर अशा कागदावर कारणासकट आला की पुढच्या इंजिनियरला फालतू वाटणार नाही.

प्रतिसाद: घाटमाथा

आम्ही एका चालू युनिटवर असंच बदललंय, पाण्याचं नव्हतं पण थांबवता येत नव्हतं. नवीन पीएलसी शेजारच्या पॅनलमध्ये उभा केला आणि इनपुट दोघांना दिले. डिजिटल २४ व्होल्टचे समांतर जोडता येतात, अ‍ॅनालॉगला मात्र आयसोलेटर नाहीतर स्प्लिटर लावा, नुसतं सिरीजमध्ये घातलं तर लूपचा रेझिस्टन्स वाढतो आणि जुना ट्रान्समीटर वरच्या टोकाला मान टाकतो. आउटपुट सगळे जुन्याकडेच. नवीन काय आदेश दिले असते ते तो नुसतं लिहून ठेवतो, आणि आपण रोज दोघांचं जुळवून बघायचं. जिथे जुळत नाही तिथे एकतर नवीन कोड चुकलाय किंवा कुणालाच माहीत नसलेली जुनी गोष्ट सापडलीय. ही पायरी कुणी कितीही घाई केली तरी सोडू नका.

तुमच्याकडे आठ फिल्टर आहेत ही मोठी सोय आहे. एक फिल्टर बंद ठेवला तर उरलेल्या सातांवर साधारण १४ टक्के भार वाढतो, तेवढा झेपत असेल तर एकेक फिल्टर नव्यावर घ्या, बॅकवॉश करून बघा, काही दिवस चालू द्या, मग पुढचा. ब्लोअर आणि वॉश पंप सामायिक असतात ते शेवटी घ्यायचे, तोपर्यंत नवीन पीएलसीने जुन्याकडे रिलेच्या पोटेन्शियल-फ्री (स्वतःचं व्होल्टेज नसलेल्या) कॉन्टॅक्टने मागणी करायची, जुन्याने हो म्हणायचं. दोन फिल्टरने एकाच वेळी ब्लोअर मागितला तर काय, हे आधी टेबलावर तपासा.

परत यायचं म्हणाल तर ११५यू ला वायरिंग फ्रंट कनेक्टरवर येतं, कनेक्टर काढला तरी तारा जागेवर राहतात. जुन्या कनेक्टरला बसणारे मायग्रेशन अडॅप्टर बाजारात मिळतात, तसे वापरलेत तर परत जाणं म्हणजे कनेक्टर काढून जुन्या कार्डवर लावणं. तारा तोडून नवीन टर्मिनलवर घेतल्या की मग रात्री दोन वाजता फेरूल नंबर (तारांच्या टोकांवरचे क्रमांक) शोधत बसावं लागतं. आणि जुनं रॅक लगेच भंगारात देऊ नका, निदान एक पावसाळा जाऊ द्या.

प्रतिसाद: निवृत्त जलअभियंता

मुहूर्ताबद्दल बोलतो. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. नदीचं पाणी स्वच्छ असतं, बॅकवॉश कमी लागतात, मागणीही कमी असते. जूनमध्ये पहिला गढूळ लोंढा आला की फिल्टर लवकर चोक होतात, तेव्हा एक फिल्टरसुद्धा बाजूला ठेवता येणार नाही.

काम सुरू करण्याआधी हाताने प्लांट चालवून बघा, पूर्ण पाळी. फिल्टरच्या कन्सोलवरून, व्हॉल्व्ह हँडव्हीलने फिरवून. अनेक ठिकाणी हँडव्हील गंजलेले असतात आणि ते नेमके गरजेच्या रात्री कळतं. नवीन मुलांना हाताने चालवणं शिकवून ठेवलंत तर पीएलसी बदलताना तुमची अर्धी काळजी मिटेल.

आणि क्लोरीन गळतीचा अलार्म, स्क्रबरचा (गळलेला वायू शोषणाऱ्या यंत्राचा) पंप, संपची पातळी खाली गेली की पंप ट्रिप होणं, ही कामं पीएलसीवर अवलंबून ठेवू नका, थेट वायरिंगने ठेवा. पीएलसी मेलेला असतानाही ती चालली पाहिजेत. कटओव्हरच्या (जुन्यावरून नव्यावर जाण्याच्या) काळात टोकाच्या नळावर अवशिष्ट क्लोरीन रोज तपासा, आयएस १०५०० प्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मिळायलाच हवा, स्क्रीन काहीही म्हणो.

प्रतिसाद: ओहायोचा मराठी

मी इकडे युटिलिटींच्या कंट्रोल सिस्टीमवर काम करतो. एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुमचा एस५ कुठल्याही नेटवर्कला जोडलेला नाही, त्यामुळे आजवर बाहेरून कुणी त्याला हात लावू शकलं नाही. नवीन पीएलसीला इथरनेट असणार, आणि साहेबांना मोबाइलवर टाकीची पातळी बघायची असणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अलिक्विपाच्या पाणीपुरवठा संस्थेच्या बूस्टर स्टेशनवरचा युनिट्रॉनिक्सचा पीएलसी हॅक झाला. त्या वेळी ही उपकरणं इंटरनेटवर उघडी आणि ११११ या कारखान्यातल्या डिफॉल्ट पासवर्डवर हॅक होत होती. अलिक्विपात माणसांनी हाताने पंप चालवले म्हणून पाणी थांबलं नाही. तेव्हा सिमकार्डवाला राउटर थेट पीएलसीला लावू देऊ नका. बघायचं असेल तर माहिती फक्त बाहेर जाईल अशी व्यवस्था करा, बाहेरून आत आदेश येता कामा नये. व्हेंडरला रिमोट ॲक्सेस हवाच असेल तर तुम्ही चावी फिरवाल तेव्हाच चालू होईल असा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. बॅटरी आणि दारावरची सूचना उद्याच करते. आता अंदाजपत्रक नव्याने मांडते, समांतर चालवण्याचा काळ स्वतंत्र बाब म्हणून आणि फिल्टरगणिक पैसे द्यायचे अशी रचना, म्हणजे घाईने सगळं एकदम जोडायचा मोह व्हेंडरला होणार नाही. काकांची निवृत्ती जवळ आलीय, त्यामुळे लॉजिक लिहून घ्यायचं काम टेंडरची वाट न बघता सुरू करते. एक शेवटचं, निविदेत सोर्स कोडबद्दल काय लिहावं?

प्रतिसाद: रिलेवाला

कॉमेंट आणि सिम्बॉलसकट संपूर्ण प्रोजेक्ट फाइल, सगळे पासवर्ड आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स नगरपरिषदेच्या नावावर, ब्लॉक लॉक करायचे नाहीत, आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी तुमच्या माणसाने तुमच्याच लॅपटॉपवरून तो प्रोजेक्ट उघडून रिकाम्या सीपीयूत डाउनलोड करून दाखवायचा. हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं घाला, नाहीतर सीडी मिळते आणि ती उघडत नाही. स्पेअर सीपीयू आणि प्रत्येक प्रकारचं एक कार्ड त्याच निविदेत घ्या, नंतर त्याला वेगळी मंजुरी मिळत नाही.