‘अस्वलकुत्रा’ म्हणावं का ‘श्वानऋक्ष’?

किनवटकर: शाळेच्या भिंतीसाठी प्राचीन अस्वलांचा तक्ता करतोय. इंग्रजीत ‘बेअर डॉग’ आणि ‘डॉग बेअर’ हे दोन वेगळे गट आहेत. पहिल्यासाठी ‘अस्वलकुत्रा’ लिहिलं, तर पोरांनी विचारलं, “सर, मग हा कुत्रा का अस्वल?” दोन्हींना नेमके शब्द सुचवा. ‘अस्वल’ हा शब्द कुठून आला तेही सांगा.

गोदाकाठ: पोरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आपल्या अशा समासात शेवटचं पद मुख्य असतं. घोडागाडी ही गाडीच, घोडा नव्हे. म्हणजे ‘अस्वलकुत्रा’ म्हटलं की तो कुत्राच ठरतो. पण ‘बेअर डॉग’ म्हणजे अँफिसायॉन, आणि त्याचं कूळ ना कुत्र्यांचं ना अस्वलांचं. ते इओसीन काळात (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) आलं आणि मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) सरता सरता संपलं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या थरांतही त्याचे जीवाश्म सापडलेत. तिथं सरळ ‘अँफिसायॉन’च लिहा.

दुसरा गट, ‘डॉग बेअर’, हेमिसायॉनचा. ग्रीक नावाचा अर्थ ‘अर्धा कुत्रा’, म्हणून कुणी ‘अर्धश्वान’ सुचवेल, पण मग पुन्हा कुत्राच झाला! हे प्राणी अस्वलांचे सख्खे भाऊबंद; काही अभ्यासक त्यांना अस्वलांच्या कुळातच धरतात, काही वेगळं कूळ मानतात. ‘ऋक्ष’ म्हणजे अस्वल, म्हणून मला ‘श्वानऋक्ष’ पटतो.

हेमिसायॉन टाच उचलून बोटांवर चालायचे. अस्वल अख्खा तळवा टेकवतं. तुमच्याच भागात मोहाच्या झाडाखाली मागच्या पायाचा ठसा पाहिलाय मी. पाच बोटं, लांबट तळवा, टाच. अनवाणी माणूस गेला म्हणावं, तर बोटांपुढं नखांच्या खुणा. तक्त्यात हे दोन पाय शेजारी शेजारी काढा, पोरांना फरक लगेच कळेल.

खऱ्या अस्वलांची सुरुवात उर्सावसपासून दाखवा. हे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचं, आजच्या अस्वलांपुढं अगदी लहान.

आता ‘अस्वल’. प्राकृतातल्या ‘अच्छभल्ल’पासून तो आला. ‘अच्छ’ म्हणजे संस्कृत ‘ऋक्ष’, आणि ‘भल्ल’पासून हिंदीत ‘भालू’ झाला. एका शब्दात दोन अस्वलं! ‘ऋक्ष’चंच दुसरं रूप ‘रिच्छ’. त्यातून दखनीत ‘रीछ’ आणि जुन्या मराठीत ‘रीस’. लॅटिन ‘उर्सुस’ आणि ग्रीक ‘आर्क्टोस’ही याच मुळाचे. म्हणजे ‘उर्सावस’ लिहिताना आपण ‘ऋक्ष’च्या चुलतभावाला हाक मारतो. मला याचा फार आनंद होतो.

उदगीरचा: आमच्याकडं एक भर. बीदरकडचा पाहुणा ‘करडी’ म्हणाला तर त्याच्या मनात अस्वल असतं, आपल्या मनात करडीचं तेल. कन्नडात अस्वलाला ‘करडी’च म्हणतात. किनवटच्या पलीकडं तेलुगूत ‘एलुगुबंटी’. तक्त्याच्या कडेला हे शब्दही लिहा, सीमेवरच्या पोरांना घरचे वाटतील.

किनवटकर: लिहितो. आणि पांडा कुठं ठेवू?

गोदाकाठ: काळा-पांढरा पांडा अस्वलांच्या कुळात, सगळ्यांत आधी फुटलेल्या फांदीवर. पूर्वी त्याला रॅकून या अमेरिकेतल्या प्राण्याच्या बाजूला ठेवायचे; १९८५ सालच्या जनुकीय अभ्यासानं तो अस्वलांत पक्का झाला. लाल पांडा मात्र नावापुरताच पांडा. त्याचं कूळ वेगळं, त्याला या तक्त्यात घेऊ नका.