'पर्सन-सेंटर्ड केअर'ला मराठीत काय म्हणायचं? (डिमेन्शियाच्या संदर्भात)

प्रश्न: डिमेन्शिया असलेल्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी आम्ही एक माहितीपत्रक काढतोय. त्यात 'पर्सन-सेंटर्ड केअर'साठी, म्हणजे नुसत्या आजाराकडे नाही तर त्या माणसाकडे बघून सांभाळण्यासाठी, 'व्यक्तिकेंद्रित काळजी' असं लिहिलं तर एक काकू म्हणाल्या, काळजी तर मी रात्रंदिवस करतेच आहे, अजून काय करू? दुसरा शब्द सुचवा. आणि डिमेन्शियाला स्मृतिभ्रंश चालेल का?

प्रतिसाद: काकूंचं बरोबर आहे, काळजी करणं वेगळं नि घेणं वेगळं, आणि नुसतं 'काळजी' वाचलं की आधी चिंताच आठवते. मी 'शुश्रूषा' घेईन. संस्कृत 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छादर्शक रूप ते शुश्रूषा, म्हणजे मुळात ऐकायची इच्छा, सेवा हा अर्थ नंतरचा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड यांनी 'पर्सन-सेंटर्ड केअर'ची कल्पना डिमेन्शियाच्या बाबतीत मांडली, त्यांचं पुस्तक १९९७चं. त्यांचं म्हणणं, मेंदूत बिघाड असतोच पण माणूस खचतो त्यात आजूबाजूच्यांच्या वागण्याचाही हात असतो. म्हणजे लहान मुलासारखं बोलणं, झेपणार नाही एवढी घाई करणं, समोर बसलेले असून नसल्यासारखं धरणं. आपल्याकडे आजोबांच्या देखत सुनेला विचारतात ना, "जेवले का हे?", तेच. त्यांना विचारा की!

प्रतिसाद: स्मृतिभ्रंश शब्द गीतेत आहे (२.६३) पण तिथे तो क्रोधातून येतो, आजाराशी संबंध नाही. आणि डिमेन्शियात फक्त स्मृती जात नाही, भाषा, निर्णय, रोजची कामं सगळ्यावर परिणाम होतो, काही प्रकारांत तर आधी स्वभाव बदलतो आणि विसरणं नंतर. म्हणून डिमेन्शियाच लिहा, एकदा शेजारी स्मृतिभ्रंश द्या. म्हातारचळ मात्र कुठेही नको. जपानमधे जुन्या शब्दात मंदबुद्धीची छटा होती म्हणून २००४ साली सरकारने तो बदलला, इतकं महत्त्व आहे शब्दाला. 'डिमेन्शियाग्रस्त' पण टाळा, 'डिमेन्शिया असलेल्या आजी' म्हणा.

प्रतिसाद: शुश्रूषा म्हटलं की मला सलाईन आणि नर्स दिसते हो. आमच्याकडे साधं 'करणं' म्हणतात, "सासूबाईंचं सगळं मोठी जाऊ करते". पण त्यात एक अडचण आहे, करणारी सगळंच करून टाकते आणि त्यांच्या हाताला काही उरत नाही. शेजारच्या आजी दुपारी चार वाजले की नळाला पाणी आलं असेल म्हणून कळशी घेऊन निघतात, आधी सगळे अडवायचे आणि मग रडारड व्हायची, आता सून सोबत जाते, अंगणातल्या नळावर दोघी कळशी भरून आणतात. हे कुठल्या शब्दात बसवणार?

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. मथळा 'व्यक्तिकेंद्रित शुश्रूषा' ठेवते आणि खाली लगेच कळशीसारखं उदाहरण, कारण मथळ्यावरून कोणालाच नीट कळणार नाही. पहिल्या पानावर रिकाम्या जागा पण सोडतेय: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, आधी काय काम करायचे, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते. 'पेशंट' शब्द सगळीकडून काढलाय. 'केअरगिव्हर'ला काय म्हणायचं ते राहिलंच, 'काळजीवाहू' वाचून मला सरकारच आठवतं.